फोनमधलं जीपीएस न वापरता, फक्त रेडिओ सिग्नलवरून मोबाईलची जागा कशी शोधतात? तीन रिसीव्हर पुरतात का?

कागदावर तीन पुरतात. मी सिग्नल प्रोसेसिंगमध्ये काम करतो आणि माझ्या अनुभवात समीकरणं सोडवणं हा यातला सर्वांत सोपा भाग. घाम निघतो तो पोचलेल्या लहरींपैकी सरळ आलेली कुठली, हे ठरवताना.

तुम्ही लिहिलंय की प्रत्येक रिसीव्हरवर सिग्नलची ताकद मोजायची, तिच्यावरून अंतर काढायचं आणि तीन वर्तुळं काढायची. ही कल्पना आधी सोडून द्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ताकद ६ डीबीने (डेसिबल; ६ म्हणजे एक चतुर्थांशावर) घटते, दाट वस्तीत ही घट १२ डीबीपर्यंतही जाते. फोन हातात आहे की खिशात, मध्ये भिंत आहे का, एवढ्यानेसुद्धा आकडा कित्येक डीबी हलतो. म्हणजे अंतर दुप्पट की निम्मं, हेही खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून वेळ मोजतात. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. फोनने सिग्नल नेमका कधी सोडला ते बाहेरच्या रिसीव्हरला माहीत नसतं, पण दोन ठिकाणी पोचल्याच्या वेळा एकमेकींतून वजा केल्या की ती अज्ञात वेळ उडून जाते. असा एक फरक म्हणजे नकाशावर एक हायपरबोला, म्हणजे तेवढाच फरक देणाऱ्या सगळ्या जागांची वक्ररेषा. तीन रिसीव्हरचे दोन हायपरबोला जिथे छेदतात तिथे फोन. ते कधीकधी दोन जागी छेदतात, मग चौथा रिसीव्हर लागतो. सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत: १०० नॅनोसेकंदांची चूक म्हणजे ३० मीटर. (गंमत अशी की हे जुळवायला रिसीव्हरना बहुतेक वेळा जीपीएसच लागतं.)

वेळेतला फरक काढायला दोन्हीकडची रेकॉर्डिंग एकमेकांवर सरकवून बघतात, कुठे सर्वांत जास्त जुळतात ते. याला कोरिलेशन म्हणतात. संभाषण उलगडायची गरज नसते. जीएसएममध्ये (२जी मोबाईलमध्ये) तर प्रत्येक नेहमीच्या बर्स्टच्या, म्हणजे एका दमात सोडलेल्या सिग्नलच्या तुकड्याच्या, मधोमध २६ बिटांचा ठरलेला क्रम असतो, त्याच्याशीच जुळवता येतं.

आता खरी गोम. कोरिलेशनचं शिखर किती टोकदार येईल ते बँडविड्थवर, म्हणजे सिग्नल किती रुंद फ्रिक्वेन्सी-पट्टा व्यापतो त्यावर, ठरतं. जीएसएमचा चॅनेल २०० किलोहर्ट्झचा, त्यामुळे शिखराची रुंदी अंतरात मोजली तर साधारण दीड किलोमीटर. सिग्नल स्वच्छ असेल तर माथा याहून खूप बारकाईने सापडतो. पण समोरच्या इमारतीवर आपटून ३०० मीटर जास्त फिरून आलेली लहर त्याच शिखरात मिसळते आणि माथा ओढून नेते. एलटीईचे (४जीचे) २० मेगाहर्ट्झ असतील तर हीच रुंदी १५ मीटर, ५जीच्या १०० मेगाहर्ट्झला ३ मीटर. तिथे सरळ लहर आणि परावर्तन वेगळी दिसू लागतात. तरीही सर्वांत उंच शिखर निवडायचा मोह टाळा. भिंतीतून आलेली सरळ लहर अनेकदा क्षीण असते आणि परावर्तन दणकट. उंच शिखर सोडून पहिलं शिखर शोधावं लागतं, आणि गोंगाटातून ते उचलणं हीच खरी कारागिरी. सरळ लहर आलीच नसेल तर त्या रिसीव्हरची वेळ उशिराचीच येते, लवकरची कधीच नाही. पाच-सहा रिसीव्हर असतील तर बाकीच्यांशी न जुळणारा ओळखून वगळता येतो. तीन असतील तर कळतही नाही.

दुसरी अडचण फारसं कोणी सांगत नाही. फोन टॉवरच्या जवळ असला की नेटवर्क त्याला सिग्नलची ताकद कमी करायला सांगतं. ९०० मेगाहर्ट्झ बँडमधला नेहमीचा जीएसएम फोन २ वॅटवरून सुमारे ३ मिलिवॅटपर्यंत उतरू शकतो. जवळच्या टॉवरला तो छान ऐकू येतो, पण हिशोबाला लागणाऱ्या दूरच्या टॉवरना नाही.

एकाच जागेवरून काय जमतं, हेही विचारलंय. नेटवर्कला स्वतःला अंतराचा अंदाज असतोच, कारण फोनने किती लवकर सिग्नल सोडावा हे तेच सांगतं. जीएसएममध्ये या मापाची पायरी सुमारे ५५० मीटर, एलटीईत ७८. बाहेरच्या माणसाला दिशा काढता येते: अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला सुमारे १६.७ सेंटीमीटरवर, अँटेना मांडायच्या आणि त्यांच्यातला फेजचा, म्हणजे लहरीच्या चढ-उताराच्या टप्प्याचा, फरक मोजायचा. दोन किलोमीटरवर एका अंशाची चूक ३५ मीटर होते, आणि परावर्तनं इथेही फसवतात.

अचूकतेची कल्पना यावी म्हणून: अमेरिकेच्या एफसीसीने (तिथली दूरसंचार नियामक संस्था) १९९९ मध्ये आपत्कालीन कॉलसाठी नेटवर्क-आधारित पद्धतींना ६७ टक्के कॉलमध्ये १०० मीटर आणि ९५ टक्क्यांत ३०० मीटर अशी अट घातली होती.

आणि हे सगळं फोन सिग्नल सोडत असेल तेव्हाच. नुसता पडून असलेला फोन बहुतेक वेळ फक्त ऐकत असतो, अधूनमधून हजेरी लावतो. सराव करायचा तर दुसऱ्यांच्या फोनवर नको, बहुतेक देशांत कायदा आड येईल. परवाना न लागणाऱ्या बँडमधला स्वतःचा छोटा ट्रान्समीटर लपवा आणि शोधा.