कूलरवर गांधीलमाश्या येतात, पण पोळं कुठंय?

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही इंदूरला राजवाड्याजवळ जुन्या लाकडी घरात राहतो. कूलर सुरू केल्यापासून दुपारी त्याच्यावर गांधीलमाश्या येतात, परवा सासऱ्यांना चावली. घरभर शोधलं पण पोळं काही सापडत नाही, कसं शोधायचं?
— एक वाचक

उत्तर: ताई, आधी ते काठीने माळा न् कोपरे ठोकत फिरणं बंद करा, तसं पोळं सापडलं तर चावून घेतल्यावरच सापडेल. माशीच्या मागावर जायचं. कडक उन्हाळ्यात त्या पाणी नेतात, पोळ्यावर थेंब सोडतात आणि पंखांनी वारा घालून ते थंड ठेवतात, म्हणूनच तुमच्या कूलरवर त्यांची एवढी ये-जा आहे आणि पोळंही बहुतेक फार लांब नसणार. दुपारी त्या येतात तेव्हा जरा लांब खुर्ची टाकून बसा. खसच्या ओल्या कडेवर माशी बसते, पिताना पोट आत-बाहेर होत राहतं, आणि पोट भरलं की सरळ निघते. ती दिशा धरा, मग थोडं पुढे जाऊन उभं राहा आणि पुढची माशी कुठे जाते ते बघा, असं टप्प्याटप्प्यानं जायचं.

जुनी दारं पण बघा हं. पॉलिश उडालेल्या सागवानावर फिकट बारीक रेघा दिसल्या तर त्या गांधीलमाशीच्या असू शकतात. ती मागे मागे सरकत लाकूड खरवडते, शांत दुपारी तो आवाज ऐकूसुद्धा येतो, आणि त्याचाच लगदा चावून पोळ्याचा कागद करते.

देठाला लटकलेलं, षटकोनी खोल्यांचं उघडं पोळं असेल तर ते छज्जाखाली, खिडकीच्या ग्रिलला, टाकीच्या झाकणाच्या आतून नाहीतर एसीच्या बाहेरच्या युनिटमागे मिळेल. पण माशी मोठी, तांबूस आणि पोटावर पिवळा पट्टा असलेली असेल तर पोळं दिसणारच नाही, ते भिंतीच्या नाहीतर तुळईजवळच्या पोकळीत असतं, फक्त एका भोकातून एकामागून एक ये-जा दिसेल. ते भोक सिमेंटने अजिबात बुजवू नका, त्या दुसरीकडून कुरतडून वाट काढतात आणि कधी कधी थेट खोलीत येतात. धूर न् मशाल तर लाकडी घरात नकोच नको, तिथे पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा. मातीचं घरटं मात्र कुंभारमाशीचं, ती एकटी असते, सहसा चावत नाही. उंच छज्जाचं पोळं कुणाच्या वाटेत येत नसेल तर माझ्या मते राहू द्यावं, झाडांवरच्या अळ्या त्याच उचलून नेतात.

सासऱ्यांचं मात्र नीट विचारून घ्या. चावली तेव्हा अंगभर गांध्या उठल्या होत्या का, धाप लागली होती का? तसं असेल तर आत्ताच डॉक्टरांना सांगून ठेवा, कारण पुढच्या वेळी त्रास जास्त होऊ शकतो. मधमाशीसारखा काटा रुतून राहत नाही, त्यामुळे एकच माशी परत परत चावते. नुसती सूज असेल तर साबणाने धुऊन बर्फ लावा, पण ओठ-चेहरा सुजला, घसा आवळला किंवा चक्कर आली तर थेट हॉस्पिटल गाठा.