वर्गाच्या पुढे धावणारे मूल

प्रश्न : माझी तिसरीतील मुलगी गणिते सर्वांआधी सोडवून कंटाळून बसते. शाळेच्या विस्तार कार्यक्रमात (वर्गाच्या पुढे असलेल्या मुलांसाठीच्या जादा उपक्रमात) तिला घालावे का?

उत्तर : अवश्य घालावे, मात्र तेथे पुढच्या इयत्तेचे पुस्तक उरकतात की त्याच विषयात अधिक खोलवर नेतात, हे आधी विचारावे. तशाच गणितांची आणखी एक वही म्हणजे विस्तार नव्हे (मुलांना ती लवकर संपवल्याची शिक्षाच वाटते). अमेरिकी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये प्रतिभेमागे सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि कामाची चिकाटी या तिन्हींचा संगम मांडला. त्यामुळे केवळ एका चाचणीच्या गुणांवरची निवड मला अपुरी वाटते. तिला जे येते त्याचा वर्गातील सराव शिक्षकांनी कमी करावा, अन्यथा तिच्यावर दुहेरी भार पडेल.