नैऋत्य फ्रान्समध्ये एकच दिवस असेल तर मोंपाझिए बघावं की डोम?

तुम्हाला गडकिल्ल्यांची आवड आहे, दोर्दोन्य भागात एकच दिवस आहे आणि दोन्हींपैकी एकच तटबंदीचं गाव बघता येणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी मोंपाझिए म्हणेन.

बुरूज आणि कडा हवा असेल तर डोम सरस आहे, हे खरं. नदीच्या वर उंच कड्यावर वसलंय, वेशीच्या बुरुजांत टेम्पलर (मध्ययुगातले ख्रिस्ती योद्धे-संन्यासी) कैद्यांनी कोरलेली म्हणून दाखवतात ती चिन्हं आहेत. मोंपाझिएच्या जुन्या वेशींपैकी तीनच उरल्यात. पण तिथे अख्खं गावच बघण्यासारखं आहे.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड तेव्हा या मुलखाचा ड्यूकही होता. फ्रेंच राजाच्या हद्दीला लागून आपली माणसं वसावीत, बाजार भरावा, कर मिळावा म्हणून त्याने 1284 मध्ये हे गाव आखून घेतलं. साधारण 400 बाय 220 मीटरचा आयत, काटकोनात छेदणारे रस्ते, घरांचे प्लॉट सारख्या मापाचे. सातशे वर्षांनंतरही ती आखणी जवळजवळ तशीच आहे. मला तर हे कुठल्याही बुरुजापेक्षा थोर वाटतं.

चालताना दोन घरांच्या मधल्या फटी जरूर बघा. जेमतेम वीत-दीड वीत रुंद, माणूस आडवाही शिरणार नाही. एका घराची आग दुसऱ्याला लागू नये आणि छपरांचं पाणी, सांडपाणी वाहून जावं म्हणून त्या मुद्दाम सोडल्यात. मग चौकात या. चारी बाजूंनी कमानींचे ओटे आहेत आणि एका कडेला लाकडी खांबांवरचा जुना बाजारकट्टा. त्याखाली धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत, आपल्या पायली-अधोलीच्या जातीची. याच चौकात 1637 मध्ये शेतकऱ्यांच्या बंडाचा म्होरक्या ब्युफारो याला चाकावर हाडं मोडून ठार केलं. चर्चच्या दारावर क्रांतीच्या काळातलं वाक्य कोरलेलं आहे, तेही वाचा: फ्रेंच जनता परमात्म्याचं अस्तित्व आणि आत्म्याचं अमरत्व मान्य करते.

शक्यतो गुरुवारी सकाळी जा, त्या दिवशी बाजार असतो. गाडी भाड्याने घ्याच. जवळचं स्टेशन बेल्वेस, पण तिथून पुढे पंधराएक किलोमीटर उरतात. दुपारी वेळ उरला तर बिरोंचा किल्ला आठ किलोमीटरवर आहे. तुमची बुरुजांची हौस तिथे भागेल.