सांगोला विधानसभा मतदारसंघ (सोलापूर जिल्हा) कायम शेकापचाच (शेतकरी कामगार पक्षाचाच) होता का?

कायम नाही, पण जवळपास तसंच. गणपतराव देशमुख १९६२ साली पहिल्यांदा इथून आमदार झाले आणि २०१४ पर्यंत एकूण ११ वेळा निवडून आले, तेही एकाच पक्षातून. मधे दोनदाच हरले. १९७२ ला, पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत लगेच परत आले. दुसऱ्यांदा १९९५ ला. तेव्हा काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना फक्त १९२ मतांनी पाडलं.

२०१९ ला आबा (गणपतरावांना सगळे आबाच म्हणत) उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. समोर पुन्हा शहाजीबापूच, या वेळी शिवसेनेकडून. 'काय झाडी, काय डोंगार'वाले ते हेच!

२०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख २५ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. विधानसभेत शेकापचे तेवढे एकच आमदार आहेत.

माझ्या मते ही मतं लाल बावट्यापेक्षा (म्हणजे शेकापपेक्षा) आबांना जास्त होती. दुष्काळी तालुका, पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडणारा आणि एसटीने फिरणारा आमदार. शिवाय सूतगिरणीमुळे गावोगाव माणसं जोडलेली. २०१९ मध्ये चिन्ह तेच होतं, उमेदवार बदलला आणि सीट गेली.