कॅन्टिकलला स्तोत्र म्हणावं की गीत? आणि ही 'सर्व्हिस' कसली?

प्रश्न असा आहे की इंग्लिश संगीतकार हर्बर्ट हॉवेल्सच्या 'कॉलेजियम रीगाले'मधल्या मॅग्निफिकॅट आणि नंक डिमिटिस या दोन रचनांना मिळून 'सर्व्हिस' का म्हणतात, आणि कॅन्टिकलला मराठीत स्तोत्र म्हटलं तर चालेल का.

आधी दुसरं घेतो. मी तरी स्तोत्र म्हणणार नाही. मराठी बायबलात 'स्तोत्रसंहिता' हे दीडशे स्तोत्रांचं अख्खं पुस्तकच आहे, आणि कॅन्टिकल म्हणजे साधारणपणे त्या पुस्तकाबाहेर बायबलात कुणाच्या तरी तोंडी आलेलं गाणं, मॅग्निफिकॅट येशूच्या आईच्या, मरीयेच्या (लूक १:४६-५५), नंक डिमिटिस बाळ येशूला हातात घेणाऱ्या शिमोनाच्या (लूक २:२९-३२). म्हणून सरळ मरीयेचं गीत, शिमोनाचं गीत म्हणा. लॅटिन मुळाचा अर्थसुद्धा छोटं गाणं असाच आहे. आता घोळ असा की अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) प्रार्थनापुस्तकात मॅग्निफिकॅटच्या जागी ९८वं स्तोत्रही चालतं आणि तिथे ते कॅन्टिकलच होतं, टे डेऊम हे जुनं लॅटिन स्तुतिगीत तर बायबलात नाहीच तरी कॅन्टिकल, तेव्हा व्याख्या फार ताणू नका.

सर्व्हिस म्हणजे एरवी उपासना, बरोबर, पण चर्चच्या कॉयरवाल्यांच्या (गायकवृंदाच्या) बोलण्यात त्या उपासनेत गायच्या ठरलेल्या कॅन्टिकल्सना एकाच संगीतकाराने दिलेल्या चालींचा संच म्हणजे सर्व्हिस. ही जोडी जमली १५४९च्या प्रार्थनापुस्तकामुळे, त्यात संध्याकाळची आणि झोपण्याआधीची अशा दोन जुन्या प्रार्थना एक केल्या, मॅग्निफिकॅट पहिलीतलं, नंक डिमिटिस दुसरीतलं, ती तेव्हापासून इव्हनसाँगमध्ये, म्हणजे त्या एक झालेल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत, एकत्र.

आणि 'कॉलेजियम रीगाले' हे काही त्या संगीताच्या भावार्थाचं नाव वगैरे नाही हो, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं लॅटिन नाव आहे. हॉवेल्सने ही जोडी १९४५ मध्ये त्या कॉलेजच्या चॅपलसाठी केली, मग ग्लॉस्टरचं कॅथेड्रल, लंडनचं सेंट पॉल्स अशा ज्या चर्चसाठी लिहिलं त्याचंच नाव सर्व्हिसला. नाव नुसतं पत्त्यापुरतं नसतं पण, सेंट पॉल्समध्ये आवाज प्रचंड घुमतो म्हणून तिथल्या सर्व्हिसमध्ये त्याने स्वरमेळ सावकाश बदलत नेलेत.

आणि 'कुणाच्या तरी तोंडी' म्हणालो ते किंग्जवाल्या जोडीत कानाने कळतं: मॅग्निफिकॅट सुरू होतं ते फक्त वरच्या आवाजांत, कारण बोलणारी मरीया, आणि शिमोनासाठी एकटा टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच आवाज. मॅग्निफिकॅटमध्ये गादीवरच्या बलवानांना खाली ओढल्याची ओळ येते तिथे बहुतेक जण दणका देतात, हॉवेल्सने मुद्दाम आवरतं घेतलंय, बाईच्या तोंडचं गाणं आहे म्हणून. मला हे पटतं, काहींना फिकं वाटेल.

एक अडचणीची केस उरते, एस्टोनियन संगीतकार आर्वो पर्ट. त्याचं मॅग्निफिकॅट १९८९चं, नंक डिमिटिस २००१चं, दोन्ही वेगवेगळी लिहिलेली. कॉयर ती एका संध्याकाळी गाऊ शकतात, पण त्या जोडीला 'पर्टची सर्व्हिस' म्हणणं मला खटकतं, 'पर्टची दोन गीतं' एवढंच म्हणावं.