वाचकांचे प्रश्न : कमळाचे बीजकोश केव्हा काढावेत?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या टाकीत कमळ लावले. यंदा फुले भरपूर आली. परंतु काही बीजकोशांत टपोऱ्या बिया भरल्या, तर काहींत बारीक, पोकळ दाणेच राहिले. असे का होते? शिवाय बीजकोश नेमके कोणत्या महिन्यात काढावेत?

उत्तर : आधी काढणीविषयी. कमळाच्या बाबतीत महिना सांगून उपयोग होत नाही. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर टिकू लागले की कंदाला जोमाने पाने फुटतात. आधी पाण्यावर तरंगणारी, मग पाण्याबाहेर उभी राहणारी आणि या उभ्या पानांच्या सोबतीने कळ्या. फुले एकदम न येता पाठोपाठ येत राहतात, त्यामुळे एकाच टाकीत एका दांड्यावर कळी, दुसऱ्यावर हिरवा बीजकोश आणि तिसऱ्यावर वाळून तपकिरी झालेला बीजकोश असणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून दिवस मोजायचे ते त्या त्या फुलाच्या पाकळ्या गळाल्यापासून. त्या दिवशी दांड्याला रंगीत दोरा बांधून तारीख लिहून ठेवली, तर पुढचा गोंधळ टळतो.

ताज्या बिया खायच्या असतील, तर उबदार हवेत पाकळ्या गळाल्यावर सुमारे तीन आठवड्यांनी बीजकोश पाहू लागावे. तो हिरवा आणि स्पंजासारखा असतो, बियांची साल नखाने सोलता येते आणि आतला गर गोडसर लागतो. मात्र मधला हिरवा कोंब कडू असल्याने तो काढून टाकावा. यानंतर गरातील साखरेचे पिष्ट होऊ लागते आणि साल काळपट व कठीण बनते. साठवणीसाठी किंवा लागवडीसाठी बिया हव्या असतील, तर बीजकोश तपकिरी होऊन त्याची भोके रुंदावेपर्यंत व हलवल्यावर बिया आत खुळखुळेपर्यंत धीर धरावा. त्याहून अधिक थांबल्यास मान झुकून बिया पाण्यात पडतात. दांडा काटेरी आणि आतून पोकळ असतो, त्यामुळे तो पाण्याच्या पातळीच्या वरच कापावा; खाली कापल्यास पाणी दांड्यातून कंदापर्यंत शिरून कंद कुजण्याची भीती असते.

आता पोकळ दाण्यांविषयी. बीजकोश म्हणजे फुलाच्या मध्यभागी दिसणारी, आपल्या जुन्या वाङ्मयात जिला ‘कर्णिका’ म्हणतात, ती शंकूसारखी बैठक होय. तिच्या प्रत्येक खळग्यात एकच बीजांडकोश असतो आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे पराग मिळावे लागतात. ज्याला ते मिळत नाहीत, तो दाणा वाढतच नाही. अडचण अशी की फूल उणेपुरे तीन-चार दिवस टिकते. पहिल्या दिवशी कुक्षी पराग स्वीकारण्यास तयार असते, तेव्हा त्याच फुलातील पुंकेसर पिकलेले नसतात. दुसऱ्या दिवशी ते पिकतात. म्हणून पराग दुसऱ्या फुलातून, बहुधा कीटकांकरवी, यावे लागतात. यासाठी कमळाने केलेली सोय थक्क करणारी आहे : बाहेरची हवा १० अंशांपर्यंत थंड असली, तरी फूल स्वतः उष्णता निर्माण करून आपली कर्णिका ३० ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ऊबदार ठेवते.

तरीही फुलण्याच्या दिवसांत सतत पाऊस लागला, किंवा टाकीत एका वेळी एकच फूल उमलले, तर दाणे पोकळ राहतात. तुमच्या टाकीतही बहुधा हेच झाले असावे. उपाय सोपा आहे. दुसऱ्या दिवसाच्या, पूर्ण उमललेल्या फुलातील पराग मऊ कुंचल्यावर घेऊन, नुकत्याच किंचित उघडलेल्या फुलाच्या कर्णिकेवरील ओलसर पिवळ्या ठिपक्यांना सकाळीच लावावेत. अनेक पाकळ्यांची, दुहेरी फुले देणारी जात लावली असेल, तर मात्र अपेक्षा कमी ठेवावी, कारण तिच्यात पुंकेसर आणि कधी कधी बीजांडकोशही पाकळ्यांत रूपांतरित झालेले असतात.

प्रश्न : वाळलेली बी पाण्यात टाकूनही महिनाभर रुजली नाही. ती मेली असावी का?

उत्तर : इतक्यात टाकून देऊ नये. पक्व बीचे कवच पाणी आत जाऊ देत नाही, आणि हेच तिचे बळ आहे. ईशान्य चीनमधील एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळात सुमारे १,३०० वर्षे राहिलेली कमळाची बी रुजल्याचे शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये नोंदवले आहे. कवच एका बाजूने आतला फिकट भाग दिसेपर्यंत कानशीने घासावे, आतल्या गराला इजा होऊ देऊ नये आणि बी कोमट पाण्यात ठेवून पाणी रोज बदलावे. जिवंत बी एक-दोन दिवसांत फुगते आणि साधारण आठवड्याभरात हिरवा कोंब बाहेर काढते.