मापं आमची, वही त्यांची?

प्रश्न: आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराखाली. तीन वर्षं झाली कॉलेजची लेकरं येऊन आमच्या विहिरींचं पाणी किती खोल ते मोजायलेत, चहा आम्ही पाजतो, उन्हातान्हात सोबत आम्ही फिरतो, पण गावाला मापाचा एक कागद मिळाला नाही. यंदा परत यायलेत. निम्मे म्हणतात हाकलून द्या. काय करावं?
– पाणलोट समितीचा एक सदस्य

उत्तर: हाकलू नका हो दादा. तुमचा राग बरोबर आहे, आमच्या गावातही एक संस्था असाच सर्व्हे करून गेली आणि तो अहवाल कुणाच्या कपाटात आहे देव जाणे. पण मापं तुम्हालाच लागणारेत. भूजल सर्वेक्षणवाले वर्षातून चार वेळा त्यांच्या ठरलेल्या विहिरी मोजतात, पण आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी फटीफटीतून चालतं, एक विहीर तुडुंब आणि दोन बांध सोडून दुसरी ठणठणीत, हे तुम्ही रोज बघता. मग एका विहिरीवरून सगळ्या शिवाराचं कसं कळणार? पंधरा-वीस तरी मोजायला पाहिजेत, आणि ते वर्षभर गावातलाच माणूस करू शकतो, पोरं काय परीक्षा आली की गायब.

काम सोपंय. कठड्यावर लाल रंगाची एक खूण करा, दरवेळी तिथूनच पाण्यापर्यंत टेप सोडायचा आणि कठड्याची उंची वजा करायची. मोटार निदान रात्रभर बंद पाहिजे. लोक इथंच चुकतात, शेतीची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते तेव्हा सकाळी मोजलं तर विहीर उपसलेलीच असते, आकडा खोटा येतो. शाळेत पर्जन्यमापक बसवा, लेकरं आनंदानं लिहितात. मग हिशोब मांडा: 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर, म्हणजे 800 हेक्टर शिवारात 500 मिलिमीटर पडला तर 400 कोटी लिटर. बरंचसं वाहून जातं, बरंचसं उडून जातं, उरलेल्यात ऊस किती बसतो ते ग्रामसभेत बोला (भांडणं होतील, होऊ द्या). अटल भूजल योजनेत लातूर, जालना, धाराशिवच्या गावांनी असाच पाण्याचा ताळेबंद मांडला होता.

कॉलेजवाल्यांना दोन अटी घाला. मूळ वही ग्रामपंचायतीत राहील, त्यांनी फोटो काढून न्यावा. आणि एक प्रश्न तुमचा घ्यावा, उदाहरणार्थ गाळानं भरलेल्या नाला बंधाऱ्याच्या खालच्या विहिरींना अजून फायदा होतोय का. गाळ काढायचा खर्च करावा की नाही हे त्यावरच ठरतं ना. बोअरची खोली सांगायला लोक बिचकतात, तर नाव लिहू नका, नुसते नंबर द्या.

आणि यंदा पोरं आली की आधी मागच्या तीन वर्षांची मापं मागा. चहा नंतर.